नांगरलेला उतार

बहिणीच्या मुलीचं लग्न उरकून शेदलिया समुद्रकाठच्या सूस शहराहून परतली, ती तोंडात मिठाईची गोडी आणि पायांत चावणारे नवे जोडे घेऊन. बसमधून उतरल्यावर तिची मुलगी हनेन बोचकी उचलून घराकडे गेली आणि शेदलिया नेहमीप्रमाणे आधी ऑलिव्हच्या बागेकडे वळली. घरी जावई होता, तो काही कुठे पळून जात नव्हता. झाडंही पळून जात नाहीत हे तिला कुणी सांगितलं असतं, तर तिनं त्याची चांगलीच खरडपट्टी काढली असती. नवरा हसूना गेल्यापासून ही चाळीसेक झाडं तिनं एकटीनं सांभाळली होती, आणि चार दिवस ती नजरेआड झाली की तिला घास गोड लागत नसे. हे 'एकटीनं' ती गावाला वरचेवर ऐकवायची. कुणाचं देणं नाही, कुणाचे उपकार नाहीत, असं म्हणताना तिची मान आपोआप ताठ व्हायची.

झाडं जागच्या जागी होती. सलग दोन हिवाळे कोरडे गेल्यामुळे पानं आतल्या बाजूला वळली होती, फांद्यांची टोकं करपली होती, पण यंदा फळ धरलं होतं. हिरवं होतं, आखडलेलं होतं, तरी होतं. उन्हाळा सरत आला होता. मळणी उरकलेली खळी धुऊन काढतो म्हणून ज्याला 'खळी धुणारा' म्हणतात, तो पाऊस आता कधीही यायचा. तो झाडांच्या बुडाशी पोचला की दाणा फुगणार, तेल धरणार. नाही पोचला तर फळ जाईलच, पण तिसऱ्या कोरड्या वर्षात हसूनाच्या आजोबांनी लावलेली झाडंही मान टाकतील. शेदलियानं एका फांदीवरून हात फिरवला, "अजून थोडी कळ काढा," असं काहीतरी पुटपुटली आणि सवयीनं मान वर करून बागेच्या माथ्यावरच्या उताराकडे पाहिलं.

उतार नांगरलेला होता.

नांगरलेली जमीन बघून कुणी हादरावं, हे परक्या माणसाला पटायचं नाही. पण तिच्या सीदी झरूक गावात झाडांना पाणी कुणी घालत नाही, पाणी घालतो तो उतार. बागेच्या वर, बागेच्या दुप्पट, बोडका माळ राखायचा. त्यात काही पेरायचं नाही, लावायचं नाही, बांधायचं नाही. पाऊस आला की ती टणक जमीन पाणी पीत नाही. ते घरंगळत खाली येतं, एका बांधातून दुसऱ्या बांधात उतरतं आणि झाडांच्या आळ्यांत उभं राहतं. वरून पडतं त्याच्या कितीतरी पट पाणी झाडाला अशा रीतीनं मिळतं. विहिरी आहेत, पण त्यांचं पाणी मचूळ आणि तळाला गेलेलं. या मुलखात ऑलिव्ह उभी आहेत ती असल्या उतारांच्या जिवावर, आणि उताराला नांगर लावणारा माणूस सीदी झरूकमध्ये आजवर जन्माला आला नव्हता.

तो जन्माला आला होता बेजाला. तिकडे काळी, गव्हाची जमीन. जितकी खोल नांगरट तितका शेतकरी शहाणा, असं तिथं मानतात. नौफेल त्याच मातीतला. वर्षभरापूर्वी हनेनशी लग्न करून तो सासुरवाडीला राहायला आला होता, आणि सासूनं एकदा तरी आपलं कौतुक करावं या एका आशेवर दिवस काढत होता. तो आता बांधावरून जवळजवळ धावतच आला. नाकाची सालटं निघालेली, डोळे आनंदानं चमकणारे.

"आलात, आई? बघितलंत का?"

"बघितलं."

"माझ्या चुलतभावाचा ट्रॅक्टर मागवला. रान कसलं माजलं होतं हो वर. म्हटलं, आई लग्नाहून येईपर्यंत सगळं साफ करून टाकू. नांगर किती खोल गेलाय बघा. कोपरापर्यंत हात जाईल आत."

शेदलियाच्या जिभेला अख्खं गाव वचकून असायचं. आज मात्र "कुणाला विचारून केलंस?" एवढंच ती कसंबसं म्हणाली.

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात. तुम्ही कशालाच हो म्हणत नाही." तो हसत होता.

"नौफेल, या नांगरटीत पाऊस पडला तर पाणी कुठं जाईल?"

"आत," तो छाती फुगवून म्हणाला. "थेंब वाया जायचा नाही."

"थेंब वाया जायचा नाही. आणि थेंब खालीही यायचा नाही."

नौफेलनं उताराकडे पाहिलं, मग झाडांकडे, मग पुन्हा उताराकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कसं उतरत गेलं, ते शेदलियाला बघवलं नाही. तो मटकन बांधावर बसला.

त्या संध्याकाळी घरात जेवणापेक्षा भांडणच जास्त वाढलं गेलं. हनेननं नवऱ्याचा सगळा बेजा जिल्हा धुऊन काढला. "लग्नाआधी मला सांगितलंस, शेती येते म्हणून. शेती येते? तुला नुसता ट्रॅक्टर येतो." नौफेल भाकरीचा तुकडा तेलात बुडवत होता आणि तसाच ठेवून देत होता. मग म्हणाला, "मी टँकर आणतो. रोज एक आणतो."

"टँकरनं एक झाड भिजेल," शेदलिया म्हणाली, "आणि बाकीच्यांना त्याची गोष्ट सांगत बसायचं."

"मग मी परत जातो बेजाला. तुम्हाला तोंड दाखवायची लायकी नाही माझी."

शेदलियाचा राग खरा होता. दुपारपासून तो तिच्या छातीत नुसता उकळत होता, आणि एरवी तिनं या पोराला बेजाच्या बसमध्ये स्वतःच्या हातानं बसवलं असतं. पण भाकरी धरलेल्या त्याच्या हातांकडे तिची नजर गेली. तळव्यांना फोड आले होते, काही फुटले होते. ट्रॅक्टर जिथं वळत नव्हता ते बांधाकडेचे कोपरे त्यानं कुदळीनं खणले होते.

"कुठं जात नाहीस तू," ती म्हणाली. "भर उन्हात राबलास ते काय स्वतःसाठी? माझ्यासाठीच ना? चूक तुझी आहे आणि कष्टही तुझेच आहेत. मला दोन्ही दिसतात. हात दाखव इकडे." तिनं तेलाची बाटली उघडली आणि त्याच्या तळव्यांना तेल लावलं, जरा जास्तच जोरानं. तो कळवळला, पण हात मागे घेतला नाही.

"उतार पुन्हा टणक व्हायला किती दिवस लागतात?" त्यानं थोड्या वेळानं विचारलं.

"दिवस? दोन-तीन वर्षं. तेही माणसं आणि जनावरं वरून ये-जा करत राहिली तर."

तेलाची बाटली हातात तशीच राहिली. जनावरं. तिच्या उतारावरून जनावरं कधी ये-जा करत होती? खमैसच्या मेंढ्या. रोज सकाळी, वर्षानुवर्षं, गावाबाहेरच्या चराईला जाताना त्या तिच्या उतारावरूनच जात. उगवलेलं गवत खुडत जात, खुरांनी जमीन दाबत जात. गेल्या दोन वसंतांपासून त्या येत नव्हत्या, कारण तिनंच त्या बंद केल्या होत्या.

झालं होतं असं. हसूनानं मरायच्या आधी एका रानटी ऑलिव्हवर कलम बांधलं होतं. त्याला कोवळे कोंब फुटले आणि खमैसच्या दोन मेंढ्यांनी बांध ओलांडून ते खाल्ले. हसूनाच्या हातचं ते शेवटचं काम होतं. शेदलिया तडक तेलाच्या घाण्यावर गेली, आणि चार गावची माणसं आपापलं तेल न्यायला जमलेली असताना तिनं खमैसला चोर म्हटलं, मेंढ्यांना सैतानाची पिलावळ म्हटलं, आणि आणखीही बरंच काही म्हटलं. खमैसनं एका शब्दानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं कळप लांबच्या वाटेनं न्यायला सुरुवात केली.

मेंढ्या गेल्या म्हणून उतारावर रान माजलं. रान माजलं म्हणून पोराला तो उतार बेवारशी वाटला आणि त्यानं नांगर घातला. शेदलियाला वाटायचं, उतार आपला आपणच टणक राहतो. तिनं बाग एकटीनं सांभाळली म्हणे. शेकडो खुरं रोज सकाळी तिच्यासाठी फुकट राबत होती आणि तिनं कधी त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. तिला इतकी लाज वाटली की पोरांना दिसू नये म्हणून ती भांडी उचलून आत गेली.

सकाळी ती खमैसकडे निघाली. वाट तिच्याच बागेतून खाली जायची. शेवटच्या बांधाखाली खमैसची स्वतःची झाडं होती, सात-आठच. त्यांना उतार नव्हता. वरच्या बागेतून भरून उरलेलं पाणी सांडव्यावरून खाली येईल तेवढंच त्यांचं. सांडव्याला एक सपाट दगड होता, हसूनाच्या आणि खमैसच्या आजोबांनी मिळून बसवलेला. पाणी त्या दगडाला लागेपर्यंत वरच्याचं, लागल्यावर खालच्याचं, हा नियम. त्यावरून दोन घरांत कधी वाद झाला नव्हता. पण या दोन कोरड्या वर्षांत पाणी दगडाला लागलंच नव्हतं, आणि खमैसच्या झाडांची दशा तिच्या झाडांपेक्षा वाईट होती. दोन झाडांचे शेंडे वाळून राखाडी झाले होते. शेदलिया इथून वर्षभरात गेली नव्हती.

खमैस कळप सोडायच्या तयारीत होता. हसूनाच्या वयाचा, उंच, वाकलेला माणूस. डोक्यावर उन्हानं विटलेली लाल टोपी, दातांत काडी.

"सलाम, खमैस."

"सलाम, वहिनी. वाट चुकलात का?"

"चुकले नाही."

"मग मेंढ्यांची झडती घ्यायला आलात. घ्या. कालपासून कुणाचं काही खाल्लं नाही त्यांनी."

शेदलियानं वर बोट दाखवलं. "उतार बघितलास माझा?"

"बघितला. अख्ख्या गावानं बघितला. म्हटलं, आता वहिनी गहू पेरणार, चला, पिठाची सोय झाली."

"जावयानं केलं. चांगल्या मनानं केलं."

"चांगल्या मनानं केलं म्हणूनच एवढं खोल गेलं. मन नसतं तर वरवर खरवडून सोडलं असतं."

"मला तुझ्या मेंढ्या हव्यात, खमैस."

त्यानं दातांतली काडी काढली. "कुठल्या? त्या सैतानाच्या पिलावळीतल्या?"

"त्याच."

"आणि माझं काय? मीही लागेन का? मला काय म्हणाला होतात घाण्यावर, आठवतं?"

"शब्द न् शब्द आठवतो."

"मलाही." तो तिच्याकडे न बघता एका मेंढीच्या कानातला काटा काढत राहिला. आता हा नाही म्हणणार, असं शेदलियाला वाटलं, आणि म्हणाला असता तर त्याचं काही चुकलं नसतं. ती तिथंच दगडावर बसली.

"ऐक," ती म्हणाली. "तू रोज इथून वर जायचास. माझी जमीन तुझ्या मेंढ्या दाबून ठेवायच्या, गवत काढून टाकायच्या. माझं पाणी खाली यायचं ते त्यांच्यामुळं. मला वाटायचं, हे आपसूक होतंय. काल कळलं. इतकी वर्षं कळलं नाही याची मला लाज वाटते. ते कलम हसूनाच्या हातचं होतं म्हणून माझं डोकं फिरलं होतं, पण तुला चोर म्हणायला नको होतं."

खमैसचा हात मेंढीच्या कानावरच थांबला. बायको वारल्यापासून या माणसाशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. तो गोंधळला, टोपी काढून पुन्हा घातली.

"ते कलम खाल्लं त्याचं मलाही वाईट वाटलं होतं," तो शेवटी म्हणाला. "सांगायला येणार होतो. तुमच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला आणि राहून गेलं." मग त्यानं घसा साफ केला आणि एकदम कामाचं बोलायला लागला. "नुसत्या धुळीत मेंढ्या फिरवून उपयोग नाही. आधी ढेकळं फोडा, फळी फिरवून सपाट करा. मग जराशी ओल लागेल. तुमच्या जावयाला विचारा, खळं कसं करतात. त्या गव्हाच्या मुलखातल्या लोकांना खळ्यातलं बरं कळतं."

"आणि मेंढ्या?"

"येतील. पण मोकळ्या मातीत त्या पाय टाकत नाहीत. पुढं कुणीतरी लागतं, जवाची टोपली घेऊन हाका मारणारं. मी मागनं हाकणार. पुढं तुम्ही."

"मी?"

"तुमचा आवाज त्या चांगला ओळखतात."

खळ्याचं नाव काढताच नौफेलच्या अंगात जीव आला. "खळं? खळं तर मी डोळे मिटून करीन," म्हणत तो उठला तो जेवणाचंही विसरला. घरातला जुना दरवाजा बिजागऱ्यांतून काढून त्यानं त्यावर दगड रचले, खमैसचं गाढव जुंपलं आणि उतारावर आडव्याउभ्या फेऱ्या सुरू केल्या. हनेन शिवणाच्या कारखान्यातून आली की बाह्या सरसावून ढेकळं फोडायला बसायची आणि नवऱ्याला टोमणे मारायची, पण पाण्याची बाटलीही त्यालाच आधी द्यायची. शेजारपाजारचेही कुदळी घेऊन आले. कुणी बोलावलं नव्हतं. शेदलियाचा तोरा गावाला पाठ होता, तरी तिची झाडं वाळावीत असं कुणालाच वाटत नव्हतं. ती त्यांच्यासाठी पुदिन्याच्या चहाची किटली घेऊन उतार चढत-उतरत राहिली. "उपकार झाले हो," असं प्रत्येकाला म्हणायला तिला सुरुवातीला जड गेलं. तिसऱ्या-चौथ्या माणसापासून जमायला लागलं.

एका दुपारी समुद्राच्या बाजूनं ढग आले आणि बारीक सर पडून गेली. शेदलिया धावत वरच्या बांधाशी गेली. बांधाचं तोंड कोरडं होतं. सगळी सर उतारानं पिऊन टाकली होती. एक ओघळही खाली आला नव्हता. मोठा पाऊस आज आला असता तर सगळा वरच मुरला असता. पण खमैस खाली वाकला, मातीची मूठ दाबली आणि उघडून तिला दाखवली. "बघा. हाताला चिकटत नाही आणि उडतही नाही. हीच वेळ. उद्या सकाळी टोपली घेऊन या."

सकाळी गच्च्यांवर बायका आणि कट्ट्यावर पुरुष जमले होते. शेदलिया जवाची टोपली कमरेवर धरून उताराच्या माथ्यावर उभी राहिली आणि तिनं मेंढ्यांना हाक मारली. मेंढ्या एकमेकींना ढकलत तिच्या मागे निघाल्या, मऊ मातीत खूर रुतवत, आणि मागून खमैस तोंडानं चुक-चुक करत चालला. खालून वर, वरून खाली, मग आडवे. ज्या मेंढ्यांना तिनं शिव्या घातल्या होत्या, त्या तिच्या झग्याला तोंड लावून चालत होत्या.

"शेदलिया, मेंढपाळ कधीपासून झालीस?" गच्चीवरून कुणीतरी ओरडलं.

"आजपासून. तुझ्याकडं बकरी असेल तर घेऊन ये, चालायला नेते."

गाव हसलं. पण थोड्या वेळानं ती बाई खरोखरच आपल्या दोन बकऱ्या घेऊन आली, आणि दुपारपर्यंत गावातली निम्मी शेळी-मेंढी त्या उतारावर होती. हे सलग काही दिवस रोज सकाळी चाललं. जमीन हळूहळू दबत गेली, तिच्यावर पापुद्रा धरला, उन्हानं तो पापुद्रा भाजून कडक झाला. नौफेल रोज टाच आपटून बघायचा आणि आवाज ऐकून खूश व्हायचा. फक्त वरच्या बाजूचा निवडुंगाच्या कुंपणाकडचा पट्टा राहिला. काट्यांमुळं मेंढ्या तिकडं फिरकत नव्हत्या, आणि तो चोपून काढायच्या आतच पाऊस आला.

तो भरदुपारी आला, वाऱ्यासकट, आणि आल्या आल्याच मोठा आला. शेदलिया, हनेन आणि नौफेल डोक्यावर पोती घेऊन वरच्या बांधाशी उभे होते. पहिला काही वेळ काहीच झालं नाही. उतार नुसता काळा पडत गेला. नौफेलचे ओठ हलत होते. तो जे जे आठवेल ते सगळं देवाकडे मागत होता. मग उताराच्या मधोमध पाणी चकाकलं, त्याची एक वळवळती रेघ झाली, रेघेला रेघ मिळाली आणि लेंड्या, काड्या, फेस असं सगळं बरोबर घेऊन तांबडं पाणी बांधाच्या तोंडातून आत शिरलं.

"आलं," नौफेल म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. हनेननं त्याला मिठी मारली आणि त्याच वेळी पाठीत एक धपाटाही घातला.

शेदलिया पाण्याबरोबर चालत खाली गेली. पहिला बांध भरला, पाणी दुसऱ्यात उतरलं, तिसऱ्यात उतरलं. प्रत्येक आळ्यात ते झाडाच्या खोडाभोवती फिरायचं आणि मग स्थिर व्हायचं. ती प्रत्येक झाडाशी थांबली. देवाचे आभार तिनं मानलेच, पण त्याच दमात मेंढ्यांचे मानले, त्या बाईच्या दोन बकऱ्यांचे मानले, खमैसच्या गाढवाचे मानले. तिला कुणाचं नाव गाळायचं नव्हतं.

निवडुंगाकडच्या पट्ट्यानं मात्र आपला वाटा पिऊन टाकला होता. पाऊस जसा आला तसाच एकदम थांबला, आणि शेवटच्या बांधात पाणी उभं राहिलं ते सांडव्याच्या दगडाच्या चार बोटं खाली. बागेतलं प्रत्येक झाड भिजलं होतं. शेवटच्या बांधात तर खोडाला घोटाभर पाणी होतं. पण दगडाला काही ते लागलं नव्हतं.

बांधाखाली खमैस उभा होता. त्यानं आपल्या झाडांची आळी सकाळीच उकरून मोकळी केली होती. त्यानंही दगडाकडे पाहिलं, ती चार बोटं पाहिली आणि कुदळ खांद्यावर टाकली. "छान भिजली हो झाडं, वहिनी," एवढं तो वर बघून म्हणाला. त्याच्या आवाजात हेवा नव्हता. तो घराकडे वळला.

शेदलियानं नौफेलच्या हातातली कुदळ घेतली आणि दगडाच्या शेजारी बांधावर घाव घातला.

"आई, काय करताय?" नौफेलनं तिचा हात धरला. "दगडाला अजून चार बोटं कमी आहेत. नियमानं सगळं पाणी आपलं आहे."

"नियमानं मेंढ्याही त्याच्याच होत्या," शेदलिया म्हणाली आणि दुसरा घाव घातला.

नौफेलनं कुदळ तिच्याकडून काढून घेतली, कारण तिच्या हातांनी ते काम संध्याकाळपर्यंत झालं नसतं. चार-सहा घावांत बांधाला खाच पडली आणि पाणी खाली झेपावलं. निम्मं पाणी आपल्या आळ्यांत राहील इतपतच खाच त्यानं ठेवली, तेही तिला न विचारता, आणि शेदलियाला ते बरोबर वाटलं.

पाण्याचा आवाज ऐकून खमैस मागे वळला. "वहिनी, बांध फुटला तुमचा."

"फुटला नाही. मी फोडला. आळी मोकळी आहेत ना?"

"आहेत. पण दगडाला तर..."

"दगडाचं राहू दे. तुझे उपकार आहेत माझ्यावर, खमैस. हसूना होता तेव्हापासून आहेत. मला दिसत नव्हते एवढंच. आता बोलत बसू नकोस, पाणी बाजूनं निघून चाललंय."

खांद्यावरची कुदळ बाजूला टाकून खमैस गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी चिखल ओढत पहिल्या झाडाकडे पाण्याला वाट करून द्यायला लागला.